पाकोळीच्या शेपटीची खूण

मार्चमधला सकाळचा उजेड जोथम हॅझनच्या घराकडे कधी सरळ येत नसे. घरामागे पूर्वेला डोंगराची उंच धार होती. त्यामुळे ऊन आधी समोरच्या दूरच्या टेकड्यांच्या माथ्यावर पडे आणि तिथली निष्पर्ण मेपलची झाडे क्षणभर तांबूस होत. मग ते ऊन सावकाश खाली उतरू लागे. एकेक दगडी बांध ओलांडत ते खोऱ्यात येई, चर्चच्या पांढऱ्या मनोऱ्यावर थोडे रेंगाळे, गोठलेल्या ओढ्याच्या पाठीवरून घसरत अलीकडच्या काठाला लागे, आणि चढण चढून दमल्यासारखे, सगळ्यांत शेवटी, जोथमच्या कोठाराच्या छपरावर येऊन बसे. तोवर खोऱ्यातल्या लोकांची न्याहरी उरकलेली असे.

छपरावरून ते पूर्वेच्या भिंतीवर उतरे. फळ्या जुन्या झाल्या होत्या आणि थंडीने आकसल्या होत्या; प्रत्येक फटीतून उजेडाची एकेक पट्टी आत शिरे आणि तिच्यात गवताची धूळ संथपणे वरखाली होत राही. ऑक्टोबरात हाच उजेड भिंतीला टेकलेल्या गवतावर आदळून तिथेच थांबत असे. आता तो अख्खा माळा ओलांडून पलीकडच्या भिंतीपर्यंत जात होता. वाटेत त्याला अडवायला फारसे काही उरले नव्हते.

जोथम दाताळ्यावर रेलून त्या पट्ट्यांकडे पाहत उभा होता. गेल्या उन्हाळ्यात पाऊस पडला नव्हता. कुरणे जुलैतच पिवळी पडली होती. विळा घालताना गवत पात्याला लागत नव्हते, नुसते पात्याखाली वाकत होते. सगळ्या व्हरमाँटभर तसेच होते म्हणतात. आणि डोंगरावर नवे गवत फुटायचे म्हणजे मे महिना उजाडायला हवा होता.

"बाबा, टाकताय ना?" खालून लोविनाचा आवाज आला.

"टाकतोय."

"की नुसतं बघत बसलाय?"

"बघण्यासारखं आहे काय त्यात."

त्याने डाव्या कोपऱ्यातले हिरवट, अजून थोडा वास धरून असलेले गवत दाताळ्यावर घेतले आणि खाली लोटले. मग उजवीकडचे दलदलीतले भरड गवत. ते गवत म्हणजे जवळजवळ काड्याच होत्या. उचलताना त्या हाडांसारख्या वाजत. उजव्या खांद्यातून कळ आली तशी त्याने दाताळे डाव्या हातात घेतले आणि हे खालून कुणी पाहिले तर नाही ना, म्हणून उगीच फटीतून डोकावून पाहिले.

खाली लोविना मेंढ्यांच्या गर्दीत मांड्यांनी वाट काढत होती. पस्तिशीला आलेली, बापासारखी उंच आणि रुंद हाडाची. ती वाकून प्रत्येक मेंढीचा कान चिमटीत धरी, अंगठ्याने चाचपी आणि तिला एका नाही तर दुसऱ्या गव्हाणीकडे ढकली.

"चला बाईसाहेब, तुम्ही इकडे. तुमचे धनी ऑरेगनात आहेत, तुम्हाला चांगलं गवत. आणि तू गं म्हातारे? तुझा धनी इथेच माळ्यावर उभा आहे. तू काड्या खा."

जोथमने आणखी एक दाताळेभर गवत खाली लोटले. तो डीकन होता, चर्चमधला मानाचा माणूस. टोमण्याला टोमण्याने उत्तर देण्याची त्याला सवय नव्हती.

त्या मुलखात उन्हाळाभर सगळ्यांच्या मेंढ्या डोंगरावर एकत्र चरत. कुणाची कोणती हे कानावरून कळे. प्रत्येक धन्याच्या कानखुणेची नोंद गावाच्या वहीत असे, आणि ज्याची खूण त्याची मेंढी. दुसऱ्याच्या खुणेची मेंढी, मग तो सख्खा भाऊ का असेना, कुणी विकत नसे आणि कुणी विकत घेत नसे. जोथमची खूण डाव्या कानाच्या खालच्या कडेला अर्धगोल खाच. मुलगा लायमन सज्ञान झाला त्या वर्षी जोथमने गावात जाऊन त्याच्या नावाने नवी खूण नोंदवली होती: उजव्या कानाच्या टोकाला मधोमध त्रिकोणी चीर, पाकोळी पक्ष्याच्या दुभंगलेल्या शेपटीसारखी. ती आकृती त्याने स्वतः, घरी स्वयंपाकघराच्या टेबलावर खडूने काढून ठरवली होती.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात लायमन पश्चिमेला, ऑरेगनात, निघून गेला. त्यानंतर दर वर्षी खुणा पाडायच्या दिवशी जोथम सगळ्यांत धडधाकट, दाट लोकरीची मादी कोकरे निवडे आणि त्यांच्या कानांना पाकोळीची शेपटी पाडी. दर रविवारी दुपारी तो टेबलाशी बसून पत्र लिही, आणि प्रत्येक पत्राची सुरुवात एकच असे: 'लायमन, तुझ्या मेंढ्या ठीक आहेत.' पुढे कोणती व्याली, कुणाला जुळी झाली, कुणाची लोकर कशी उतरली. शेवटी हवामान, आणि चर्चमध्ये कुणी आले नव्हते ते.

दुष्काळ पडल्यावर, गेल्या शरदात, जोथमने आपल्या खाचेच्या मेंढ्या विकल्या. आता कोठारात जवळजवळ सगळे कान लायमनचे होते.

"बाबा," लोविना गव्हाणीच्या काठावर बसत म्हणाली, "हे गवत एप्रिल बघत नाही. तुम्हालाही दिसतंय, मलाही दिसतंय. कॉब गावात आलाय म्हणतात, मेंढ्या विकत घ्यायला."

"त्याला विचारलंय मी. लायमनला. शरदातच लिहिलं. उत्तर येईल."

"मेंढ्यांना वाचता येत नाही."

"ज्याची वस्तू त्याला विचारल्याशिवाय विकायची?"

लोविनाने हातावरची लोकर झटकली. "यातल्या निम्म्या मी चुलीपाशी पेटीत ठेवून चिंधीने दूध पाजून वाढवल्यात," ती म्हणाली. ती हे तक्रारीने म्हणाली नाही. हवा कशी आहे ते सांगावे तसे म्हणाली, आणि बादली घेऊन ओढ्यावरचा बर्फ फोडायला निघून गेली.

*

गावातल्या दुकानात शेगडीभोवती माणसे बसली होती. दुकानदार हार्लो हाच टपाल सांभाळी आणि गावाची वहीही त्याच्याचकडे असे. जोथम आत आला तशी त्याच्यासाठी बाकावर जागा झाली. पण तो बसला नाही. टोपी हातात धरून तो एसाहेल प्रॅटसमोर उभा राहिला. एसाहेलचे कुरण ओढ्याकाठचे होते. दुष्काळातही त्याच्या कोठारात गवत होते, हे सगळ्यांना ठाऊक होते आणि कुणी त्याचा उच्चार करत नव्हते.

"एसाहेल, एक शब्द टाकायचा होता."

"टाक."

"गवताचा. गाडीभर मिळालं तर."

एसाहेलने शेगडीची झडप उघडली, आत पाहिले, बंद केली. "आहे थोडं. नाही असं नाही म्हणत. पण कुणाच्या मेंढ्यांसाठी, जोथम?"

"माझ्या गोठ्यातल्याच."

"गोठा तुझा. कान कुणाचे?"

कुणीतरी हसले. कुणीतरी खोकल्यात हसू लपवले.

"पोरगा तिकडे सोन्याच्या देशात," एसाहेल म्हणाला, "आणि त्याची जनावरं पोसायची आम्ही. त्यालाच लिही ना. म्हणावं, एक गलबतभर गवत पाठवून दे."

"तो सोन्याच्या कामात नाही. लाकडाच्या कामात आहे."

"मग लाकूड पाठव म्हणावं. तशाही त्या काड्याच खातायत असं ऐकलं."

जोथमच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सगळा हिवाळा तो हे वाक्य मनात जुळवत होता, आणि त्याचे उत्तर इतक्या लवकर मिळून गेले होते की टोपी कुठल्या हातात धरावी ते त्याला कळेना. त्याने नुसते "बरं" म्हटले.

कोपऱ्यातून व्यापारी कॉब उठून आला. ठेंगणा, अंगाला मेंढ्यांचा वास मुरलेला माणूस. त्याने जोथमला दाराशी गाठले. "डीकन, मी घेतो. खोऱ्यात माझ्याकडे गवत आहे. गाभण असल्या तरी चालतील, उलट त्या जास्त बऱ्या. गुरुवारी तुमच्याच वाटेने जातोय. फक्त ते खुणेचं..."

"त्याचं उत्तर यायचंय."

"आलं तर बरंच. पण त्याच्याविना मी दुसऱ्याच्या कानाला हात लावायचा नाही. उद्या कुणी चोर म्हटलं तर धंदा बसतो आमचा."

"मीही लावू देणार नाही," जोथम म्हणाला.

तेवढ्यात हार्लोने फळीमागून हाक मारली. "डीकन, जाऊ नका. आहे तुमचं. कालच्या थैलीत आलं."

पाकीट ओलावून पुन्हा वाळलेले होते, कोपरे मऊ पडलेले. वरचे अक्षर लायमनचे. जोथमने ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवले. चष्मा घरी राहिला होता. पण असता तरी त्याने ते या माणसांसमोर उघडले नसते. परतीच्या चढणीवर घोडा दम खायला थांबला की तो कोटावरून हात फिरवून पाहत होता. उत्तर आले होते. पोराने वेळेवर उत्तर दिले होते. एसाहेलला काय माहीत.

*

लोविना घराच्या वरच्या रानात होती. मेंढ्यांच्या पायांनी बर्फात एक अरुंद वाट पडली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना तोडलेल्या हेमलॉकच्या हिरव्या फांद्या पडल्या होत्या. मेंढ्या त्या ओरबाडत होत्या. भूक भागत नव्हती, पण तोंड चालू राहत होते. लोविना कुऱ्हाडीने फांद्या छाटत होती. तिच्या श्वासाची वाफ तिच्याच केसांवर गोठून पांढरी झाली होती.

"आलं," जोथम म्हणाला आणि पाकीट पुढे केले. "वाच."

तिने कुऱ्हाड ओंडक्यात रुतवली, दातांनी हातमोजा ओढून काढला आणि उभ्यानेच वाचू लागली.

"'बाबा आणि लोविना, तुम्ही दोघे खुशाल असाल. इथे पाऊस थांबत नाही, पण तुमच्यासारखी थंडी नाही. मी नदीवर ओंडक्यांचे तराफे बांधायच्या कामावर आहे. नदी इतकी रुंद की पलीकडच्या काठावरून कुणी हाक मारली तर ती अलीकडे पोचत नाही. पहिल्यांदा भीती वाटली. आता त्या रुंदीशिवाय झोप येत नाही. मी आणि एका फिनिश माणसाने मिळून एक नाव बांधायला घेतली आहे. देवदाराची. तिचा वास फार चांगला येतो. लोविनाला सांगा, माझे हात आता साफ बरे आहेत, एक भेगसुद्धा नाही. आईने दिलेल्या डबीतले मलम संपले, त्यानंतर ते कधी लागलेच नाही. आपली ती बर्फावरची जुनी घसरगाडी अजून माळ्यावर आहे का? तिची आठवण येते. बाबांनी खांद्याला जपावे. तुमचा लायमन.'"

एक मेंढी फांदीशी झटापट करत होती. तिच्या दातांचा आवाज तेवढा येत होता.

"पुढे?" जोथम म्हणाला.

"पुढे काही नाही. सही आहे."

"मागे बघ."

"मागे पत्ता आहे, बाबा."

त्याने पत्र तिच्याकडून घेतले, डोळ्यांपासून लांब धरले, जवळ धरले. "माझं पत्र पोचलं नसेल."

"खांद्याचं तुम्ही त्याच पत्रात लिहिलं होतं. ते पोचलं."

"मग घाईत असेल. लिहील पुढच्यात." तो पत्राची घडी घालू लागला, जुन्या घड्यांवर ती नीट बसेना. "हातांना काय झालं होतं त्याच्या?"

लोविनाने त्याच्याकडे पाहिले. हातमोजा घालताना ती पाहतच राहिली. "तुम्हाला माहीत नाही?"

"कष्टाच्या माणसाचे हात फुटतातच."

"हो," ती म्हणाली, आणि कुऱ्हाड उपसून घेतली.

*

बुधवारी सकाळी एका मेंढीने बसकण मारली. लायमनच्या खुणेची, जुळी पोटात असलेली. जोथमने तिच्या पोटाखाली हात घालून तिला दोनदा उभे केले. दोनदा तिचे मागचे पाय आपोआप दुमडले. तोंडातून आंबूस, गोडसर वास येत होता. लोविनाने काकवी कोमट पाण्यात कालवून पोकळ शिंगातून पाजली, ती ओठांच्या कडेने बाहेर आली. लोकरीवरून हात फिरवला तर लोकर दाट होती, मऊ होती, आणि तिच्याखाली लगेच फासळ्या होत्या. ऊन छपरावर आले तेव्हा ती श्वास घेत होती. ऊन भिंतीवरून उतरले तेव्हा नव्हती.

लोकर फुकट घालवण्याचे ते वर्ष नव्हते. दोघांनी तिला कोठाराच्या फरशीवर उताणे केले. जोथमने पाय धरले, लोविनाने सुरी चालवली. कातडी अजून उबदार होती आणि मुठीने दाबत गेले की सुटत होती. अर्धी कातडी निघाली.

"हिला चांगलं गवत मिळत होतं," शेवटी जोथम म्हणाला.

"मिळत होतं. तिघांना पुरेल एवढं नव्हतं." लोविनाने मानेपाशी सुरी फिरवली. डोक्याच्या कातडीबरोबर कान आला. पाकोळीची शेपटी स्पष्ट दिसत होती, कडा जुन्या जखमेसारख्या गुळगुळीत. "ही कातडी कुणाची धरायची? त्याचीच ना? पाठवायची का ऑरेगनला?"

"लोविना."

"टोमणा नाही मारत, खरंच विचारते. तो काय करेल हिचं? हिला हात लावला तर त्याची बोटं सुजतील."

जोथमने पाय सोडले नाहीत. "काय म्हणतेस?"

"लोकरीचं तेल लागलं की त्याचे हात फुटायचे, बाबा. कातरणीच्या दिवसांत रक्त यायचं. आई चरबी नि मेण लावून फडकी बांधायची. ती मरायच्या आधी तिनं मलमाची ती डबी भरून ठेवली होती त्याच्यासाठी."

"मला कुणी सांगितलं नाही."

"आईनं सांगितलं होतं. जेवायला बसलो होतो आपण. तुम्ही म्हणालात, सवय होईल."

आपण तसे म्हटले असेल, असे त्याला वाटले. तसे म्हणायला त्याला मुळीच जड गेले नसते. त्याचेही हात लहानपणी फुटले होते, आणि त्याला सवय झाली होती. पण पोराचा मेंढ्यांवर जीव होता. खुणा पाडताना तो कोकरे किती हळुवार धरी. हे जोथमने कितीतरी पत्रांत लिहिले होते: 'तुझ्याइतके हळुवार कोकरू धरणारा या डोंगरावर दुसरा नाही.'

त्याला तो शेवटचा मे महिना आठवला. कुंपणाशी लायमन कोकरू छातीशी धरून उभा होता आणि जोथम सुरी चालवत होता. चिरताना निघणारे कानाचे तुकडे धन्याच्या हातात द्यायचे, ही तिथली जुनी रीत. त्यांवरून त्याला आपला कळप मोजता येई. जोथमने ते ओले, त्रिकोणी, केसाळ तुकडे लायमनच्या तळहातावर ठेवले आणि म्हणाला, "हे तुझे." इतकी वर्षे त्याला त्या प्रसंगातले एवढेच आठवत असे, आणि लायमनचे उत्तर: "बरं, बाबा."

आज कातडीवर वाकलेला असताना त्याला पुढचेही दिसले. लायमन तो हात अंगापासून लांब धरून बांधापलीकडे गेला होता. तिथे तो वाकला होता. परत आला तेव्हा त्याचा हात रिकामा होता आणि तो तळहात पुन्हा पुन्हा गवतावर पुसत होता. तोंडाला रंग नव्हता.

"दमला असेल त्या दिवशी," जोथम मोठ्याने म्हणाला.

"कोण?" लोविनाने विचारले.

"कुणी नाही. ओढ तिकडून."

*

गुरुवारी कॉब आपल्या कुत्र्यासह आला. त्याच्यामागून एसाहेल प्रॅटही आला. आपला बांध पाहायला निघालो होतो म्हणाला, आणि फाटकावर दोन्ही कोपरे टेकून उभा राहिला. बर्फ वरून मऊ झाला होता आणि पायाखाली पाणी होते.

कॉबने मेंढ्यांची तोंडे उघडून दात पाहिले, पाठीवरची लोकर दोन बोटांनी फाकवून आतला रंग पाहिला, पोटे चाचपली. त्याला त्या आवडल्या होत्या, आणि आवडल्याचे तो लपवत होता.

"वाळल्यात, डीकन."

"उन्हाळा कुणाच्या हातचा नव्हता."

"रक्त चांगलं आहे पण. निम्म्या नेतो. उरलेल्यांना तुमचं गवत पुरेल." त्याने एका मेंढीचा उजवा कान चिमटीत धरला आणि धरूनच ठेवला. "पत्र आलं म्हणे."

"आलं."

"मग झालं तर. विका म्हणालाय ना तो? मला कागद दाखवू नका. तुम्ही हो म्हटलंत की मला पुरे. तुमच्या शब्दावर मी रात्रीसुद्धा गुरं हाकीन."

लोविना कोठाराच्या दारात उभी होती. तिने बापाकडे पाहिले नाही. ती मेंढ्यांकडे पाहत होती. एक शब्द. तो कुणी तपासला नसता. ऑरेगनातून तो खोडायला कुणी आला नसता. आणि 'नाही' म्हटले तर मेंढ्या इथेच, या फरशीवर, एकामागून एक उताण्या झाल्या असत्या, अगदी खऱ्या धन्याच्या नावाने. कॉबच्या चिमटीत कान थरथरत होता. उन्हात त्याची कड गुलाबी, आरपार दिसत होती आणि चिरेच्या दोन्ही बाजूंना बारीक शिरा होत्या.

"तसं नाही म्हटलं त्यानं," जोथम म्हणाला.

कॉबने कान सोडला. "विकू नका म्हणतो?"

"तेही म्हटलं नाही." जोथमला आपलाच आवाज लांबून आल्यासारखा वाटत होता. "काहीच म्हटलं नाही. नदीचं लिहिलंय. नावेचं. माझ्या खांद्याचं. या मेंढ्यांबद्दल त्यानं आजवर एकदाही लिहिलेलं नाही. मी लिहितो दर रविवारी. तो लिहीत नाही."

फाटकाशी एसाहेलने कोपरे उचलली आणि पुन्हा टेकली.

"मग डीकन, मी काय समजू? या कुणाच्या?"

"माझ्या. मी त्याला दिल्या होत्या. त्यानं घेतल्या नाहीत."

"वहीत तर..."

"वहीत मी लिहायला लावलं. तो तेव्हा दाराबाहेर उभा होता."

कॉबने एसाहेलकडे पाहिले. अशा गोष्टीत दुसऱ्या माणसाचे तोंड पाहणे बरे असते. एसाहेलने बराच वेळ बर्फात थुंकण्याजोगी जागा शोधली.

"घेतलंच नाही तर देणं कसलं झालं," तो शेवटी म्हणाला. "ने, कॉब. कुणी विचारलं तर मी इथे होतो म्हणून सांग."

मेंढ्या निघाल्या तेव्हा त्यांनी काही गडबड केली नाही. कुत्रा मागे, कॉब पुढे. बर्फातल्या त्याच अरुंद वाटेने एकीमागून एक त्या खाली गेल्या, आणि वळणावर थोडा वेळ नुसत्या पाठी दिसत राहिल्या, मळक्या पांढऱ्या, मग त्याही नाहीत. एसाहेल अजून फाटकाशीच होता.

"गाडी पाठव उद्या गवताला," तो म्हणाला. "भरड आहे, आधीच सांगतो. मागून तोंड वाकडं करायचं नाही."

"नाही करणार."

"आणि काल-परवाचं ते गलबताचं," एसाहेल म्हणाला, आणि पुढे काय म्हणावे ते न सुचल्याने टोपी ओढून निघून गेला.

*

कोठारात एकदम जागा झाली होती. उरलेल्या मेंढ्या एका बाजूला गोळा झाल्या होत्या. लोविनाने दोन्ही गव्हाणींत सारखेच गवत टाकले होते, हिरवे आणि भरड एकत्र कालवून. आज तिने कुणाचा कान पाहिला नव्हता.

"पत्रात जागा कमी पडली असेल त्याला," जोथम म्हणाला. "कागद लहान होता."

लोविना गव्हाण नीट करत राहिली. तिच्या मनगटावर कुऱ्हाडीच्या दांड्याने सोललेली जागा होती, अजून ओली. ती त्याने आत्ता पाहिली. ती किती दिवसांची होती कोण जाणे.

"लोविना, मे महिन्यात कोकरांना खुणा पाडाव्या लागतील."

"लागतील."

"तुझ्या नावाने खूण नोंदवता येईल. बायकांच्या नावे नसते असं काही नाही. हार्लोला विचारतो." तो थांबला. दाताळे भिंतीला टेकवून त्याने ते पुन्हा सरळ केले, जरी ते सरळच होते. "पण आधी... तुला मेंढ्या आवडतात का?"

ती वळली. तिच्या चेहऱ्यावर आधी अविश्वास आला, मग काहीतरी हसण्यासारखे, जे पुरते हसू झाले नाही.

"हे आज विचारताय?"

"हो."

तिने खरोखरच विचार केला. एक मेंढी तिच्या झग्याची कड चघळत होती. तिने ती सोडवून घेतली. "आवडतात," ती म्हणाली. "वास नाही आवडत. आणि कान कापताना त्या ओरडतात ते नाही आवडत. बाकी आवडतात."

"बरं."

"विचारलंत ते बरं केलंत."

तो घरात आला. रविवार नव्हता, तरी तो टेबलाशी बसला. ऊन आता पश्चिमेला कलले होते. सकाळी त्याच्या घराला सगळ्यांत शेवटी मिळणारा उजेड संध्याकाळी मात्र सगळ्यांत उशिरापर्यंत त्याच्याच खिडकीत राहत असे. आत्ता तो टेबलावर पडला होता, त्याच फळीवर जिथे एकदा खडूने पाकोळीची शेपटी काढली होती. कान चिरायची लहान सुरी घेऊन त्याने लेखणीचे टोक तासले. तासताना सुरीकडे त्याने दोनदा पाहिले. मग ती पुसून टेबलाच्या पलीकडच्या टोकाला ठेवली.

त्याने तारीख घातली. 'लायमन,' असे लिहिले, आणि हाताने सवयीने पुढचा शब्द लिहिला: 'तुझ्या.' तिथे हात थांबला. लेखणीच्या टोकाशी शाईचा थेंब जमू लागला. इतक्या वर्षांत या शब्दापुढे दुसरे काही लिहिण्याची वेळ त्याच्यावर आली नव्हती. त्या शब्दापुढची वाट त्या मेंढ्यांनीच तुडवून ठेवली होती.

थेंब पडण्याआधी त्याने लिहिले: 'तुझ्या नावेचे काम कुठवर आले? देवदाराचा वास कसा असतो ते मला ठाऊक नाही. कळव.'

मग घसरगाडी माळ्यावर आहे, तिची एक पट्टी सैल झाली आहे, ती बसवून ठेवतो, असे लिहिले. खांदा दुखतो, हेही लिहिले. पाण्याची बादली घेऊन लोविना आत आली, त्याच्या मागून चुलीकडे गेली आणि लाकडे सारू लागली. लिहिण्यासारखे आता एकच उरले होते. ते इतके साधे होते की ते लिहायला पूर्ण ओळही लागणार नव्हती, आणि ते त्या घरात सगळ्यांना कधीपासून माहीत होते. लायमनच्या मेलेल्या आईलासुद्धा. जोथमने लेखणी पुन्हा शाईत बुडवली, दौतीच्या काठावर जादा शाई निथळू दिली, आणि शाळेतल्या मुलासारखी एकेक अक्षर जपून काढत लिहिले:

'तुला मेंढ्या कधीच आवडल्या नाहीत.'